कमी खपाच्या पुस्तकाला एकच दुकान परवडत नाही

अॅमेझॉनच्या किंडलवर स्वतःचं ई-पुस्तक विकायला काढणाऱ्या लेखकापुढे सुरुवातीलाच एक हिशेब येतो. भारतातल्या वाचकाने प्रत घेतली तर लेखकाला किमतीच्या 35 टक्के मिळतात. 70 टक्के हवे असतील तर पुस्तक ‘केडीपी सिलेक्ट’ या योजनेत घालावं लागतं, आणि त्या योजनेची मुख्य अट अशी की पुढचे 90 दिवस ते पुस्तक डिजिटल रूपात दुसरीकडे विकता किंवा वाटता कामा नये. दुसऱ्या दुकानात नाही, प्रकाशकाच्या संकेतस्थळावर नाही, लेखकाच्या स्वतःच्या पानावरसुद्धा नाही. फार तर दहा टक्के मजकूर नमुना म्हणून ठेवता येतो. योजनेच्या चौकोनात केलेली खूण लेखकाने आठवणीने काढली नाही तर 90 दिवसांनंतर मुदत आपोआप वाढते. किमतीच्या वगैरे इतर अटीही आहेत, त्या सोडून देऊ. गंमत अशी की तेच पुस्तक अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाने घेतलं तर 70 टक्क्यांसाठी या एकनिष्ठेची सक्ती नाही. ती आहे भारत, जपान, ब्राझील आणि मेक्सिको इथल्या विक्रीला.

मी दुकानाला शिव्या घालायला बसलेलो नाही. दुकानदार गिऱ्हाईक बांधायला बघणारच, त्यासाठीच दुकान थाटलेलं असतं. लेखकाचंही चुकतं असं म्हणवत नाही. मराठवाड्यात लिहिणारी बहुतेक मंडळी शिक्षक, प्राध्यापक, कचेरीत काम करणारी, नाहीतर शेती सांभाळून रात्री वही उघडणारी. छापील पुस्तकाचं मानधन म्हणून त्यांच्या हाती बहुधा पंचवीस-पन्नास प्रती पडतात आणि त्याही ओळखीपाळखीत वाटण्यात जातात. कित्येकांनी उलट पदरचे पैसे घालून पुस्तक काढलेलं असतं. अशा माणसाच्या खात्यात शे-दोनशे रुपये का होईना, हिशेबासकट जमा व्हायला लागले तर त्याला त्याचं अप्रूप वाटणारच. शिवाय या योजनेतलं पुस्तक ‘किंडल अनलिमिटेड’ या वर्गणीदारांच्या सोयीतही जातं, तिथे वाचल्या गेलेल्या पानांनुसार पैसे मिळतात, म्हणजे आपली किती पानं वाचली गेली हेही कळतं. आपल्याकडे आवृत्ती नेमकी किती प्रतींची निघाली हे लेखकाला नीट कळलं तरी पुष्कळ! तेव्हा त्या चौकोनात खूण करताना लेखक फार विचार करत नाही, यात नवल नाही.

तरी ती खूण मराठी लेखकाने शक्यतो करू नये, आणि केलीच तर पहिल्या मुदतीनंतर काढून टाकावी, असं माझं मत आहे. सौदा लेखक आणि दुकान या दोघांत होतो, पण त्याची किंमत मोजतो तो वाचक त्या सौद्यात कुठेच नसतो. इंग्रजीत हे खपून जातं. तिथे पुस्तकांचा एवढा पूर आहे की एखादं एकाच दुकानात मिळत असेल तर वाचक दुसरं उचलतो, आणि लेखकालाही त्या एका दुकानात पुरेसं गिऱ्हाईक मिळतं. मराठीत पूर्वी पहिली आवृत्ती हजाराची निघायची, ती बऱ्याच ठिकाणी पाचशे-तीनशेवर आली आहे. असं पुस्तक वर्ष-दोन वर्षांत दुकानातून दिसेनासं होतं आणि पुढे जगतं ते या हातातून त्या हातात जाऊन. वाचनालयातून, कुणा प्राध्यापकांच्या कपाटातून, ‘हे वाचून बघा’ म्हणून कुणीतरी दिल्यामुळे. ई-पुस्तकाने हे फिरणं सोपं व्हायला हवं होतं. अनोळखी वाचकाला अवचित सापडणं यावरच ज्याची सगळी भिस्त, त्या पुस्तकाला आपण एकाच दारात उभं करतो आणि मग ‘मराठी ई-पुस्तकं खपतच नाहीत’ म्हणतो.

हा वाचक कोण, हेही बघायला हवं. किंडलचं यंत्र हातात घेतलेला माणूस जालन्यात किंवा हिंगोलीत सहसा दिसत नाही. इथलं सगळं डिजिटल वाचन मोबाइलवर चालतं. लातूर, नांदेड, संभाजीनगर इथल्या अभ्यासिकांत दिवसभर बसणारी पोरं मोबाइलवरच नोट्स वाचतात, मोबाइलवरच सराव परीक्षा देतात आणि डोकं उठलं की कादंबरी वाचायची झाली तर तीही तिथेच. कुणाच्या फोनमध्ये ‘गुगल प्ले बुक्स’ आधीपासूनच आहे, कुणाकडे ‘बुकगंगा’ आहे, कुणी ‘प्रतिलिपी’वर मालिका वाचतो. पन्नास रुपयांच्या एका पुस्तकासाठी नवं अॅप टाका, नवं खातं काढा, फोनमध्ये जागा करा, हे सांगितलं की यातले निम्मे तिथेच थांबतात. उरलेले टेलिग्रामवर शोधतात. त्या विषयाकडे नंतर येतो.

आणि दृष्टिहीन वाचक. त्याला मोबाइलवरचा टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी सोय, पुस्तक वाचून दाखवतो, पण दुकानाच्या अॅपने तसं वाचू दिलं तरच. चार ठिकाणी पुस्तक असेल तर एका ठिकाणी नाही जमलं तरी दुसरीकडे जमतं. एकाच ठिकाणी असेल आणि तिथलं अॅप टॉकबॅकशी जुळवून घेत नसेल, तर पैसे देऊनही त्या माणसाला पुस्तक वाचता येत नाही. दृष्टिहीनांना पुस्तकं मिळावीत म्हणून झालेल्या माराकेश कराराला 2014 मध्ये मान्यता देणारा भारत हा पहिला देश. आपल्या कॉपीराइट कायद्यात 2012 पासूनच दिव्यांगांसाठी सुलभ प्रत काढायची मुभा आहे. कायदा एवढा पुढे गेलेला आणि फाइल मात्र कुलपात, असा प्रकार आहे.

मध्यंतरी एका तालुक्याच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात बसलो होतो. ग्रंथपाल तरतरीत, तिशी-पस्तिशीचे. त्या भागातल्या एका लेखकाचं नवं पुस्तक फक्त ई-पुस्तक म्हणून निघालं होतं आणि सभासद मागत होते, म्हणून त्यांनी ते स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या पैशाने घेतलं. समोर दाखल नोंदवही उघडी होती. दाखल क्रमांक, लेखक, ग्रंथाचं नाव, प्रकाशक, बिल क्रमांक, किंमत, असे रकाने. ते म्हणाले, “सर, आता हे कुठं चढवू सांगा. बिल माझ्या नावावर, पुस्तक माझ्या मोबाइलात. शिक्का कुठं मारू? आणि चार-पाच जणं विचारायलेत, त्यांना काय मोबाइलच देऊन टाकू का?” आम्ही हसलो, पण त्यांचा प्रश्न चोख होता. त्यांनी पुस्तक विकत घेतलंच नव्हतं. ते स्वतःपुरतं वाचायचा परवाना घेतला होता, जो दुसऱ्याला देता येत नाही आणि संस्थेच्या नावावर चढत नाही. बटणावर मात्र ‘खरेदी करा’ असंच लिहिलेलं असतं. कॅलिफोर्निया राज्यात 1 जानेवारी 2025 पासून असा कायदा लागू झाला की डिजिटल वस्तूचा फक्त परवाना देत असाल तर गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगा, नुसतं ‘खरेदी’ म्हणू नका. आपल्याकडे एवढं जरी झालं तरी निदान वाचनालयांना आपण कशाचे पैसे देतोय ते कळेल.

छापील पुस्तकाचं तसं नसतं. ते एकदा विकलं गेलं की त्या प्रतीवर प्रकाशकाचा ताबा संपतो. ती वाचनालयाला द्या, रद्दीत घाला, जुन्या बाजारात विका. वाचनालय ही संस्थाच या सवलतीवर उभी आहे. मराठवाड्यात तर तिचं मोल जास्तच. निजामी राज्यात शिक्षणाचं माध्यम उर्दू, सभा घ्यायची तर ‘गश्ती निशाण 53’ या सरकारी परिपत्रकाप्रमाणे आधी परवानगी, आणि अशा दिवसांत गावोगावच्या वाचनालयांनी मराठी वाचणारी माणसं टिकवून ठेवली. पुण्या-मुंबईहून आलेली एकेक प्रत पंचवीस घरांतून फिरायची. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदाही हैदराबाद राज्यात 1955 मध्ये झाला, महाराष्ट्राचा 1967 चा. म्हणजे या बाबतीत तरी मराठवाडा मागास नव्हता. त्याच प्रदेशातल्या ग्रंथपालाला आज गावच्या लेखकाचं पुस्तक नोंदवहीत चढवता येत नाही.

दुकान एकच असण्याचा आणखी एक धोका म्हणजे दुकानं बंद पडतात. फ्लिपकार्टने 2012 मध्ये ई-पुस्तकं विकायला सुरुवात केली आणि 2015 च्या अखेरीस तो धंदा गुंडाळून गिऱ्हाइकांना कोबो या दुसऱ्या ई-पुस्तकांच्या दुकानाकडे पाठवलं. मायक्रोसॉफ्टने 2019 मध्ये आपलं पुस्तकांचं दुकान बंद केलं तेव्हा लोकांनी घेतलेली पुस्तकंच त्यांच्या उपकरणांवरून गेली. पैसे परत मिळाले, पण पुस्तकं गेली ती गेलीच. आणि धंदा चालू असतानाही अटी बदलतात. विकत घेतलेलं किंडल पुस्तक संगणकावर उतरवून तारेने यंत्रात घालायची सोय फेब्रुवारी 2025 च्या अखेरीस अॅमेझॉनने काढून टाकली. त्यावर जगभरच्या वाचकांनी पुष्कळ ओरड केली, फरक पडला नाही. इंग्रजी पुस्तकाच्या बाबतीत ही गैरसोय म्हणता येईल, कारण ते पुस्तक दहा ठिकाणी असतं. बीडच्या एखाद्या कवीचा संग्रह मात्र छापलाच गेला नसेल आणि त्याची फाइल एकाच दुकानात असेल, तर दुकान गेलं की संग्रह गेला. लेखकाच्या जुन्या लॅपटॉपवर असेल कदाचित. तो लॅपटॉप चालू होतो का, ते वेगळं.

पुस्तक कुठे ठेवावं आणि कुणाच्या हाती द्यावं, हा वाद मराठीला नवा नाही आणि मराठवाड्याला तर मुळीच नाही. पैठणला एकनाथांनी 1584 मध्ये, शके 1506 ला, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तोवर जवळजवळ तीनशे वर्षं ग्रंथ लोकांच्या हातात फिरत होता. ज्याला हवी त्याने नक्कल उतरवून घेतली आणि त्यात पाठ बिघडत गेले. हा मोकळेपणाचा तोटाच, तो मान्य करायला हवा. पण ती दुरुस्ती शक्य झाली ती वेगवेगळ्या ठिकाणच्या प्रती शिल्लक होत्या म्हणून. शुद्ध प्रत तयार झाल्यावर नाथांनी बजावलं काय? यात कुणी आपली ओवी घालेल तर त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली असं समजा. मजकुराला हात लावू नका, एवढीच अट. नक्कल उतरवू नका, माझ्या मठाबाहेर नेऊ नका, असं त्यांनी म्हटलं नाही. लेखकाचा मान आणि ग्रंथाचं फिरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दुसरा दाखला महानुभावांचा. चक्रधरस्वामींच्या वास्तव्यामुळे पैठण त्या पंथालाही जवळचं. मराठी गद्याचा पहिला ठेवा या पंथाने घडवला, आणि पुढे तो सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद केला. त्यामागे पंथाची कारणं होती. राजकीय धामधूम, ग्रंथ नष्ट व्हायची भीती, चुकीच्या हाती पडायची भीती. आपल्यापुरता त्यांनी ठेवा नीट राखलाही. बाकीच्या मराठी समाजाला मात्र आपल्या भाषेत यादवकाळात काय लिहिलं गेलं होतं हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत कळलं नाही. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी सकळ लिपीची उकल केली, मग वि. ल. भाव्यांसारख्या अभ्यासकांनी ग्रंथ छापायला घेतले आणि वाङ्मयाच्या इतिहासाची सुरुवातच नव्याने मांडावी लागली. कुलपाने मजकूर टिकतो, यात शंका नाही. पण मधल्या शतकांत कितीतरी लिहिणारे होऊन गेले आणि त्यांना त्या गद्याचा वारा लागला नाही, हे नुकसान कशाने भरून निघणार? महानुभावांना निदान जिवाची आणि श्रद्धेची काळजी होती. आपण तोच प्रकार 35 टक्क्यांच्या फरकासाठी करतो आहोत.

आता प्रकाशकांकडे. एका दुकानाशी बांधून घेण्याचा मोह प्रकाशकाला का होतो, याचं कारण लोभापेक्षा फाइलमध्ये आहे. संभाजीनगरात औरंगपुऱ्याच्या आसपासच्या कुठल्याही डीटीपीवाल्याकडे जाऊन बसा. दहा-पंधरा वर्षांपूर्वीची मराठी पुस्तकं पेजमेकरमध्ये, श्री-लिपी किंवा तशाच जुन्या फॉन्टमध्ये लावलेली आहेत. पडद्यावर अक्षरं मराठी दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी चिन्हंच असतात. ती फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही उपकरणाला मराठी म्हणून कळणाऱ्या अक्षरांत, नेली की रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, पहिली वेलांटी निसटते, ‘द्ध’ आणि ‘ध्द’ यांची अदलाबदल होते, ‘श्र’च्या जागी भलतंच काही येतं. मग ओळ न् ओळ मुद्रितशोधन. तीनशे पानांच्या पुस्तकाची नीट ई-पब, म्हणजे ई-पुस्तकाची फाइल, करायची म्हणजे जाणत्या माणसाचे कितीतरी दिवस जातात, आणि ते पैसे कुणी द्यायचे हा प्रश्न येतो. कित्येकदा तर मूळ फाइलही नसते, छापखान्याला दिलेली पीडीएफ तेवढी असते. अशा वेळी कुणी म्हणालं, ‘रूपांतर आम्ही फुकट करून देतो, पुस्तक फक्त आमच्याकडे ठेवा’, तर थकलेला प्रकाशक हो म्हणतो. मीही म्हटलं असतं.

फक्त हो म्हणताना एक गोष्ट मागून घ्यावी, ती म्हणजे तयार झालेली फाइल. रूपांतराच्या कष्टाची भरपाई म्हणून सहा महिने, वर्षभर पुस्तक एका दुकानात ठेवायला माझी हरकत नाही. ज्याने खर्च केला त्याला तो वसूल करू द्यावा. पण त्यानंतर स्वच्छ युनिकोड ई-पब प्रकाशकाच्या हातात आलं पाहिजे. ई-पब हा सगळ्यांसाठी खुला नमुना आहे. तो 2007 पासून रुळला आहे आणि बहुतेक दुकानं तो घेतात. एकदा ती फाइल आपल्याकडे असली की दुसऱ्या दुकानात पुस्तक चढवणं हे अर्ध्या तासाचं काम. नसली, तर दुकान बदलायचं म्हणजे रफारापासून पुन्हा सगळं आलं. खरी गुलामी करारातल्या ओळीपेक्षा या फाइलची आहे, असं माझं स्पष्ट मत होत चाललं आहे.

प्रकाशकांची दुसरी भीती चोरीची, आणि ती काल्पनिक नाही. पुस्तक आलं की थोड्याच दिवसांत त्याची पीडीएफ टेलिग्रामवर फिरायला लागते. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांचं तर विचारूच नका. पण त्या पीडीएफ उघडून बघा. पानं वाकडी, कडेला अंगठा, मधोमध शिवणीची सावली. बहुतेक चोरी छापील प्रतीवरून होते, झेरॉक्सवाल्याच्या स्कॅनरवर किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्याने. ई-पुस्तकाच्या कुलपाने ती थांबत नाही. त्याचा त्रास होतो तो पैसे देणाऱ्याला. अमेरिकेतल्या टॉर या विज्ञानकथा छापणाऱ्या प्रकाशनाने 2012 मध्ये आपल्या ई-पुस्तकांवरचं कुलूप काढून टाकलं आणि वर्षभराने जाहीर केलं की चोरीत लक्षात येण्यासारखी वाढ झालेली नाही. तो बाजार वेगळा, हे खरं. पण आपल्याकडे तर उलटंच दिसतं. ज्याला पुस्तक त्याच्या अॅपमध्ये, त्याच्या यूपीआयने, दोन मिनिटांत मिळत नाही तो चोरीच्या प्रतीकडे वळतो. सगळेच चोर असतात असं नाही, काही जण नुसते कंटाळलेले असतात.

लेखकांना आपल्या बाजूला किती कायदा आहे हेही बहुधा माहीत नसतं. मराठी प्रकाशनात करार झालाच तर एका पानाचा, आणि त्यात ‘सर्व माध्यमांतील हक्क’ अशी एक ओळ. मुदतीचा पत्ता नसतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे करारात मुदत लिहिलेली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरतेच दिले असं धरलं जातं, आणि वेगळं काही ठरलेलं नसेल तर दिलेला हक्क वर्षभरात न वापरल्यास तो प्रकाशकाच्या हातून जातो. म्हणजे ई-पुस्तकाचे हक्क घेऊन ते कपाटात ठेवणाऱ्या प्रकाशकाला विचारायची सोय लेखकाकडे आहे. भांडा असं मी म्हणत नाही. मराठवाड्यात प्रकाशक आणि लेखक यांची घरची ये-जा असते, लग्नकार्यात भेटतात, नोटीस कोण कुणाला पाठवणार? पण पुढच्या पुस्तकाच्या वेळी चहा घेता घेता ‘ई-पुस्तकाचे हक्क तीन वर्षांसाठी, आणि एकाच दुकानापुरते नकोत’ एवढी ओळ घालून घ्यायला काय हरकत आहे?

जिथे सार्वजनिक पैसा लागतो तिथे तर विनंतीची गरजच नाही, अट घालावी. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ आपली पुस्तकं स्वतःच्या संकेतस्थळावर मोफत ठेवतं, बालभारतीची पाठ्यपुस्तकं कुणालाही उतरवून घेता येतात. हे उत्तम आहे आणि त्याचं कौतुक कमी होतं. याच मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेतून दरवर्षी नव्या लेखकांची पहिली पुस्तकं निघतात. त्या अनुदानाबरोबर ‘ई-आवृत्ती एकाच विक्रेत्याला बांधणार नाही, आणि सार्वजनिक ग्रंथालयांना फाइल देईन’ एवढी एक अट असावी. लेखकाचा एक रुपयाही त्यात बुडत नाही.

आणि ज्यांच्यावर कुणाचाच हक्क उरलेला नाही अशा पुस्तकांचं काय? परभणीचे बी. रघुनाथ 1953 मध्ये गेले. लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं हा आपल्या कायद्याचा नियम, म्हणजे 1 जानेवारी 2014 पासून त्यांचं त्या काळात प्रसिद्ध झालेलं लेखन सगळ्यांचं झालं. निजामी राजवटीतल्या मराठवाड्याचं जगणं ज्या माणसाने कथा-कादंबऱ्यांतून आणि कवितांतून मांडलं, त्याचं सगळं लेखन नीट मुद्रितशोधन केलेल्या, टॉकबॅकला वाचता येणाऱ्या ई-पबमध्ये, प्रत्येक दुकानात आणि कुठल्याही दुकानाबाहेरसुद्धा असायला हवं. हे काम विद्यापीठाचा मराठी विभाग करू शकतो, साहित्य परिषद करू शकते, एखाद्या महाविद्यालयाची एम.ए.ची पोरं प्रकल्प म्हणून करू शकतात. त्यांच्या नावाने कार्यक्रम होतात, पुरस्कार दिले जातात. रफार नीट करणारं कुणी हवंय.

सरकारने आणखी एक गाठ मारून ठेवली आहे, तिच्याबद्दल फार कुणी बोलत नाही. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. छापील पुस्तकाच्या ई-आवृत्तीवर जुलै 2018 पासून 5 टक्के. पण जे पुस्तक कधी छापलंच गेलं नाही, फक्त ई-पुस्तक म्हणून निघालं, त्यावर 18 टक्के. म्हणजे छापायला पैसे नाहीत म्हणून ई-पुस्तकाकडे वळलेल्या औशाच्या किंवा किनवटच्या लेखकाच्या वाचकाला सगळ्यात जास्त कर. विक्रेत्याचा वाटा, कर, मग लेखकाचे 35 टक्के, असं करता करता त्याच्या हाती जे उरतं ते पाहिलं की 70 टक्क्यांच्या खुणेकडे त्याचा हात का जातो ते कळतं. एकनिष्ठेच्या अटीविरुद्ध लेखकांना उपदेश करणाऱ्यांनी, त्यात मीही आलो, आधी हा 18 टक्क्यांचा आकडा खाली आणायची मागणी करायला हवी. साहित्य संमेलनात एवढे ठराव होतात, त्यात हा एक बसेल.

माझे लेखकमित्र म्हणतात, 90 दिवसांचाच तर प्रश्न आहे, त्याला एवढं काय. त्यात तथ्य आहे. नव्या पुस्तकाचा बोलबाला असतोच तीन महिने. प्रकाशन समारंभ, रविवारच्या पुरवणीतलं परीक्षण, ओळखीच्यांचे स्टेटस. तेवढ्या काळात जे खपायचं ते खपतं आणि त्यावर 70 टक्के घेतले तर बिघडलं नाही. घोटाळा पुढे होतो. मुदत आपोआप वाढत राहते, लेखक विसरतो आणि वर्षं जातात. तोवर विक्री महिन्याला चार प्रतींवर आलेली असते. शंभर रुपयांचं पुस्तक धरलं तर चार प्रतींचे 70 टक्क्यांनी 280 रुपये, 35 टक्क्यांनी 140. फरक 140 रुपयांचा. वाचलेल्या पानांचे काही मिळत असतील तर ते वर. एवढ्यासाठी बाकीची सगळी दुकानं आणि सगळे मोबाइल बंद ठेवायचे का, हा हिशेब ज्याचा त्याने घालावा. दुसऱ्या एखाद्या दुकानात महिन्याला दोन-तीन प्रती गेल्या तरी तो भरून निघतो. फक्त खूण काढायची ती चालू मुदत संपायच्या आत, नाहीतर पुढचे 90 दिवस पुन्हा लागू होतात.